परत आलेले दंडाचे पैसे

१८७३ साली महात्मा फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्याच सुमारास तिथल्या दक्षिणेतल्या राज्यांत गुलामगिरी मागच्या दाराने परत येत होती. १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली खरी. पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल, अशी सवड ठेवली. तेवढी फट पुरेशी होती. कामधंद्याविना फिरणे हाही गुन्हा ठरला. कृष्णवर्णीयांना धरायचे, दंड ठोकायचा आणि तो भरता आला नाही, की खाणीत नाहीतर लाकूडतोडीच्या तळावर भाड्याने द्यायचे. १८९८ साली अलाबामा राज्याच्या महसुलाचा सुमारे ७३ टक्के भाग या भाड्याचा होता! गुलाम निदान पैसे मोजून घेतलेला असे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे.

आयडा वेल्स यांनी १८९३मध्ये, मेरी चर्च टेरेल यांनी १९०७मध्ये या पद्धतीवर कडाडून लिहिले. १९११मध्ये अलाबामातल्या बॅनर कोळसा खाणीत स्फोट होऊन १२८ जण गेले. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय कैदी. तरीही भाडे चालूच राहिले.

देश हलला तो एका गोऱ्या मुलासाठी. मार्टिन टॅबर्ट हा नॉर्थ डाकोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा, वय बावीस. १९२१च्या अखेरीस फ्लोरिडात मालगाडीतून विनातिकीट जाताना पकडला गेला. दंड २५ डॉलर. घरच्यांनी पैसे पाठवले. ते परत आले, कारण मुलगा तोवर लाकूड कंपनीच्या तळावर पोचला होता. माणशी २० डॉलर शेरीफच्या खिशात पडत. फेब्रुवारी १९२२मध्ये मुकादमाच्या चाबकाखाली तो मेला. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने प्रकरण लावून धरले, त्याबद्दल त्या पत्राला १९२४चे पुलित्झर मिळाले. फ्लोरिडाने १९२३मध्ये कैदी भाड्याने देणे बंद केले. मुकादम मात्र अखेर निर्दोष सुटला.

खाणीत १२८ माणसे गमावलेल्या अलाबामाला हे करायला १९२८ उजाडले.

घटनेतली फट आजही तशीच आहे. काही राज्ये आपापल्या घटनेतून ती काढत आहेत; कोलोरॅडोने २०१८मध्ये काढली. नोव्हेंबर २०२४मध्ये नेवाडाच्या मतदारांनीही ती काढली. शेजारच्या कॅलिफोर्नियाने त्याच निवडणुकीत तसाच प्रस्ताव फेटाळला.