परतफेडीची जागा

३० डिसेंबर १९३६ रोजी विनोदवीर फ्रेड ॲलनच्या रेडिओ कार्यक्रमात स्टुअर्ट कॅनिन हा दहा वर्षांचा मुलगा सुरेख व्हायोलिन वाजवून गेला आणि ॲलनने जाता जाता दुसरा रेडिओ विनोदवीर जॅक बेनी याच्या व्हायोलिनवादनाला टोला हाणला. बेनीने स्वतःच्या कार्यक्रमातून उलटा टोला दिला आणि अमेरिकी रेडिओवरचं सर्वांत गाजलेलं लटकं भांडण जुंपलं. त्याला नव्वद वर्षं होत आली. आज पॉडकास्टवर आणि टीव्हीवर पाहुण्यांची रीघ असते, पण येणारा आपला नवा सिनेमा खपवायला येतो. यजमान त्याचं कौतुक करतो आणि दोघांनाही ओरखडा उमटत नाही. हे पाहून चीड येते, कारण पाहुणा म्हणजे काय हे त्या रेडिओने एकदा दाखवून दिलं होतं.

१९३३ मध्ये हरवलेल्या भावाला शोधण्याच्या मिषाने विनोदी अभिनेत्री ग्रेसी ॲलन दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत अवचित शिरायची. तेवढं वगळलं, तर रेडिओ-विनोदाची सुरुवातीची वर्षं जुन्या रंगमंचीय विनोदांवरच निभावली. खरा बहर आला तो पुढच्या दशकात. बेनी कंजूष आणि पोकळ दिमाखाचा, हे श्रोत्यांना दर आठवड्याला ऐकून पाठ झालं होतं. म्हणूनच सिनेअभिनेता रोनाल्ड कोलमन आणि त्याची पत्नी बेनिता त्याचे सुसंस्कृत, वैतागलेले शेजारी म्हणून आले की ओळख करून द्यावी लागत नसे. १९४८ मध्ये कोलमनला ऑस्कर मिळालं आणि काही दिवसांतच बेनीने कार्यक्रमात ते उसनं नेलं. वाटेत चोराने ते लुबाडलं आणि ती भानगड पुढचे कित्येक आठवडे पुरली. त्याआधी, मे १९४६ मध्ये, फ्रेड ॲलनने बक्षिसांच्या कार्यक्रमांची टर उडवली. त्यात बेनी खोट्या नावाने स्पर्धक होऊन आला, जिंकला, आणि सूट इस्त्री करून देण्याच्या निमित्ताने त्याची पँट रंगमंचावरच उतरवली गेली. श्रोत्यांना दिसत काहीच नव्हतं, पण बेनीचा दिमाख माहीत असल्याने सगळं दिसलं.

हे सारं आधीच लिहिलेलं होतं, दोघे जुने मित्र होते, श्रोते वाढवण्याचा हा धंदाच होता, असं कोणी म्हणेल. ते खरंच आहे. पण दोघांचे प्रायोजक वेगळे होते, लेखक वेगळे होते, आणि तरीही बेनी दुसऱ्याच्या घरी जाऊन, दुसऱ्याच्या संहितेत, स्वतःची फजिती होऊ देत होता. आजच्या सिनेमांत नायक एकमेकांच्या गोष्टींत शिरतात, तेव्हा बहुधा दोन्ही गोष्टींचा मालक एकच असतो. त्यात कोणी काही पणाला लावत नाही.

ॲलनने टर उडवलेल्या बक्षिसांनीच त्याचा घास घेतला. १९४८ मध्ये त्याच्याच वेळेत लागणाऱ्या ‘स्टॉप द म्युझिक’ने श्रोत्यांना घरी फोन करून बक्षिसं वाटायला सुरुवात केली. आपला कार्यक्रम ऐकताना कोणाचं बक्षीस हुकलं तर भरपाई देण्याची हमीही ॲलनने दिली. उपयोग झाला नाही. जानेवारी १९४९ मध्ये बेनी ॲलनचं नेटवर्क एनबीसी सोडून सीबीएसकडे गेला आणि जूनमध्ये ॲलनचा कार्यक्रम बंद पडला. १९५३ मध्ये ॲलन बेनीच्या टीव्ही कार्यक्रमात पाहुणा म्हणून आला, तेव्हा टोले तेच होते, पण बेनीने परतफेडीला जावं असा ॲलनचा रेडिओ कार्यक्रम आता उरला नव्हता.