साडेसत्तावीस ग्रॅमचे इंजिन

पेण तालुक्यातील हमरापूर आणि शेजारच्या जोहे या गावांत गणेशमूर्तीचा व्यवसाय साच्यावर उभा आहे. रबराच्या साच्यात प्लास्टरचा घोळ ओतून आणि त्याला काथ्याची बळकटी देऊन काढलेली कच्ची मूर्ती एक फुटाची असो वा चार फुटांची, प्रमाण सांभाळले की पुढे रंगकाम आणि डोळ्यांची आखणी एवढेच उरते. याच हमरापूरच्या स्थानकावरून पनवेल–रोहा लोहमार्ग जातो, आणि त्यावरून वर्षानुवर्षे धावलेल्या अल्को घराण्यातील डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती करायची झाल्यास तिचे वरचे कवच सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन ओतून काढण्याची रीत मूर्तिकाराला परकी वाटणार नाही. मात्र कवचाखाली चाके, आस, दंतचक्रे आणि मोटर यांना धरून ठेवणारा जो सांगाडा असतो, ज्याला चॅसिस म्हणतात, तिथे साच्याचे गणित संपते. कारण आकार हवा तितका लहान करता येतो, पण घर्षण, वजन आणि विजेची वाहकता त्याच हिशेबाने लहान होत नाहीत.

या इंजिनवर्गातील डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन ११२.८ टन वजनाचे आणि सुमारे १७.१ मीटर लांबीचे आहे. १:१६० या प्रमाणात, ज्याला हौशी मंडळी एन स्केल म्हणतात, त्याची लांबी १०७ मिलिमीटर भरते. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी घटत असल्यामुळे त्याला १६० च्या घनाने, म्हणजे सुमारे ४१ लाखांनी भागावे लागते आणि उत्तर येते साडेसत्तावीस ग्रॅम. उकडीच्या मोदकाहूनही हलके असे हे इंजिन सहा आसांवर उभे केले, तर चाके रुळावर पुरेशी दाबली जात नाहीत, घसरतात, आणि रुळांतून चाकांमार्फत मोटरीला मिळणारा १२ व्होल्टचा प्रवाह धुळीच्या एका कणानेही तुटतो. म्हणूनच सांगाडा पितळी पट्टीचा करून रिकाम्या जागांत शिशाचे किंवा टंगस्टनचे तुकडे बसवले जातात. म्हणजे इंजिन नीट चालावे म्हणून ते प्रमाणापेक्षा जड, एका अर्थी खोटे, करावे लागते.

वेगाचे कोडे याहून अवघड आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे इंजिन या प्रमाणात सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर सरकते, आणि ६.८ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला ४९० च्या आसपास फेरे पुरतात. छोटी मोटर मात्र सहज १५ हजार फेरे घेते. हे अंतर वर्म गिअरने, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या दांड्याने दंतचक्र फिरवून, भरून काढले जाते. एका आट्याच्या वर्मखाली तीस दातांचे चक्र बसवले की तीसपट घट मिळते, पण ०.२ मॉड्यूलच्या, म्हणजे अतिशय बारीक दातांच्या, चक्राचा बाहेरचा व्यासही साडेसहा मिलिमीटरच्या जवळ जातो आणि ते चाकाच्या कडेला लागून जवळजवळ रुळांना टेकते. त्यामुळे घट दोन टप्प्यांत विभागून पहिले चक्र पंधरा दातांचे ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

वर्म आणि चक्र एकमेकांत किती खोल बसवायचे, याचे उत्तर मोजमापाच्या साधनांपेक्षा बोटांनाच चांगले कळते. चक्राच्या दातांत पतंगाच्या कागदाची पट्टी घालून वर्म त्यावर दाबतात, मोटर बसवायची पट्टी त्या स्थितीत झाळून पक्की करतात आणि मग कागद ओढून काढतात. त्याच्या जाडीइतकी जी फट राहते, तीच दातांना मोकळे फिरू देते. कागद विसरला तर मोटर गरम होऊन कण्हते, दुप्पट घडीचा घातला तर चक्र दातांवरून उसळते. मोटर जोडण्यापूर्वी सांगाडा जरा तिरक्या धरलेल्या काचेवर सोडून पाहतात. तो स्वतःच्या वजनाने न अडखळता उतरला पाहिजे, आणि सपाट काचेवर ठेवल्यावर कुठलेही चाक अधांतरी राहता कामा नये. तीन आसांच्या बोगीत मधल्या आसाला मुद्दाम आडवी मोकळीक द्यावी लागते, नाहीतर वळणावर मधले चाक आतल्या रुळावर चढते.

भारतीय प्रतिकृतिकाराच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, आणि ती कितीही कुशलतेने टाळता येत नाही. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे या प्रमाणात साडेदहा मिलिमीटर. बाजारात मिळणारा एन रूळ मात्र १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय मापावरून घडलेला, ९ मिलिमीटरचा असतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ पासून लोकांना खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १:८७ प्रमाणाचे आहे, तिथल्या १६.५ मिलिमीटर रुळाचाही उगम त्याच युरोपीय मापात आहे. समोरून पाहिल्यास भारतीय इंजिन त्यामुळे पाय जुळवून उभे राहिल्यासारखे दिसते, आणि बहुतेक जण ते दृश्य मान्य करून पुढे जातात.

हमरापूरच्याच रायगड जिल्ह्यात, नेरळहून माथेरानला चढणाऱ्या १९०७ च्या गाडीबाबत उलटा प्रश्न पडतो. तिचा दोन फुटी मार्ग १:८७ प्रमाणात ७ मिलिमीटर होतो आणि झेड स्केलचा ६.५ मिलिमीटरचा रूळ त्याच्या बराच जवळ बसतो. मात्र तिच्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेल्या आणि ओरेनस्टाइन अँड कोपेल यांनी बांधलेल्या सहाचाकी वाफेच्या इंजिनांत टोकाचे आस क्लीन–लिंडनर पद्धतीचे होते: आतला भरीव आस सरळ राहून बाहेरची पोकळ नळी चाकांसह वळणाबरोबर किंचित वळे. सात मिलिमीटरांत अशी नळी घडवणे व्यवहार्य नसल्याने प्रतिकृतीत टोकाच्या आसांना नुसती अर्ध्या मिलिमीटरची आडवी ढिलाई देतात, आणि जोडदांड्याचे भोक तेवढ्याच प्रमाणात कानसून लांबट करतात.