विश्लेषण : प्रेम, खून आणि श्रद्धा... जम बसलेले लेखन सोडून टेरी ब्लॅकस्टॉक यांनी नवी वाट का धरली?

प्रणयकादंबऱ्यांच्या बाजारात स्थिरावलेल्या या अमेरिकी लेखिकेने १९९४ मध्ये तो प्रकार सोडला आणि ख्रिस्ती श्रद्धेची जोड असलेल्या रहस्यकथा लिहायला घेतल्या. हा निर्णय का झाला, या कादंबऱ्यांचे नियम काय असतात आणि कथानके सुचतात कुठून?

विमानतळावरून एक आई घरी परतली आहे. व्यसनात अडकलेल्या १८ वर्षांच्या मुलीला तिने उपचार केंद्रात नेणाऱ्या समुपदेशक महिलेच्या हवाली केले आहे. आता तरी सारे सुरळीत होईल, अशी तिला आशा आहे. काही तासांतच बातमी येते. त्या समुपदेशक महिलेचा खून झाला आहे आणि मुलगी बेपत्ता आहे. पोलिसांचा संशय मुलीवरच आहे.

'इंटरव्हेन्शन' या २००९ मधील कादंबरीची ही सुरुवात. लेखिका टेरी ब्लॅकस्टॉक. कथानकातील खून कल्पित आहे. व्यसनी मुलीच्या आईची घालमेल मात्र लेखिकेने स्वतः अनुभवलेली आहे. त्यांच्या लेखनाची प्रेरणा समजून घ्यायची तर तिथपर्यंतचा प्रवास पाहावा लागतो.

कोण आहेत टेरी ब्लॅकस्टॉक?

वडील अमेरिकी हवाई दलात असल्याने ब्लॅकस्टॉक यांचे बालपण बदल्यांमध्ये गेले. त्या नऊ राज्यांत राहिल्या. शाळेची पहिली चार वर्षे तर नेदरलँड्समध्ये झाली. दर वेळी नवी शाळा, नवा वर्ग आणि त्यात आपण 'नवी मुलगी'. मैत्री जुळेपर्यंत पुन्हा सामान बांधायची वेळ यायची. अशा वेळी कल्पनाशक्ती हीच जवळची मैत्रीण ठरली आणि आपण कादंबरीकार होण्यामागे याचा वाटा सर्वात मोठा आहे, असे त्या मानतात.

वयाच्या २५व्या वर्षी त्यांची पहिली कादंबरी प्रकाशकाने घेतली. पुढे टेरी हेरिंग्टन आणि ट्रेसी ह्यूज या दोन टोपणनावांनी त्यांनी हार्लेक्विन, सिल्हूट, डेल अशा प्रकाशनांसाठी प्रणयकादंबऱ्या लिहिल्या. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर 'मिल्स अँड बून' पाहिलेल्यांना हा प्रकार नव्याने सांगायला नको. ठरावीक लांबी, ठरावीक साचा, ठरलेला सुखान्त आणि त्याची वाट पाहणारा हक्काचा वाचक. लेखकाच्या दृष्टीने हा नियमित मिळकतीचा व्यवसाय असतो.

'ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स' म्हणजे नेमके काय?

या प्रकारात तीन धागे एकत्र विणलेले असतात.

• रहस्य : खून, अपहरण, पाठलाग किंवा खोटा आरोप. गुन्हेगार कोण आणि नायिका वाचणार का, हे प्रश्न पाने उलटायला लावतात.

• प्रेम : संकटामुळे दोघे जवळ येतात, पण विश्वास ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही.

• श्रद्धा : पात्रांचे देवाशी असलेले नाते. कुणाची श्रद्धा डळमळते, कुणी देवावर रागावलेले असते, कुणाला क्षमा मागायची असते, कुणाला ती करायची असते.

तिसरा धागा सर्वात अवघड असतो. तो सैल पडला तर ही चारचौघींसारखी रहस्यकथा होते. फार घट्ट ओढला तर कादंबरीचे प्रवचन होते. चांगल्या कादंबरीत हे तीनही धागे एकाच प्रसंगात गुंततात. जिच्यावर प्रेम आहे तिच्यावरच संशय असेल तर काय करायचे आणि ज्याने घर उद्ध्वस्त केले त्याला क्षमा करायची का?

बाजाराचे काही संकेतही असतात. शृंगार बंद दाराआड राहतो. शिव्या छापल्या जात नाहीत. हिंसा असते, पण तिचे रसभरीत वर्णन नसते. गुन्हेगारांच्या जगाबद्दल लिहायचे आणि त्यांच्या तोंडची भाषा मात्र वापरायची नाही, अशी ही कसरत आहे.

हा बाजार उभा कसा राहिला?

कॅनडातील लेखिका जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी १९७९ मध्ये आली आणि श्रद्धाळू वाचकांना स्वच्छ प्रेमकथा हव्या आहेत, हे ख्रिस्ती प्रकाशकांच्या लक्षात आले. १९८६ मध्ये फ्रँक पेरेटी यांच्या 'धिस प्रेझेंट डार्कनेस'ने थरारकथाही खपते हे दाखवले. अंतिम काळावरच्या 'लेफ्ट बिहाइंड' या मालिकेचा पहिला भाग १९९५ मध्ये आला आणि पुढे या मालिकेच्या कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या. हार्लेक्विननेही १९९७ मध्ये श्रद्धाप्रधान प्रणयकथांची स्वतंत्र शाखा काढली.

म्हणजे ब्लॅकस्टॉक यांनी वाट बदलली तेव्हा हा बाजार वाढत होता. पण त्यात रहस्यकथेला नक्की जागा आहे का, हे अजून ठरायचे होते.

१९९४ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी ब्लॅकस्टॉक यांच्यात आध्यात्मिक पातळीवर मोठा बदल झाला. आपण मानतो ते आणि आपण लिहितो ते यांत अंतर पडल्याचे त्यांना जाणवू लागले. प्रणयकादंबऱ्यांचे लेखन थांबवायचे त्यांनी ठरवले. प्रश्न होता पुढे काय लिहायचे, हा. ज्या वाचकांनी नाव दिले ते टोपणनावांना ओळखत होते. नव्या बाजारात त्यांचे खरे नाव कुणालाच ठाऊक नव्हते.

याच काळात त्या एका सागरी सहलीवर गेल्या. जहाजावर जिकडे पाहावे तिकडे प्रवाशांच्या हातात जॉन ग्रिशम यांची कादंबरी होती. ब्लॅकस्टॉक यांच्याही हातात तीच! 'द फर्म' (१९९१) पासून वर्षाला एक या वेगाने ग्रिशम यांच्या कोर्टकचेरीच्या थरारकथा तेव्हा गाजत होत्या. या वाचकांत श्रद्धाळू ख्रिस्ती लोकही असणारच, असा विचार त्यांच्या मनात आला. तेवढ्याच वेगवान कथेला श्रद्धेची जोड दिली तर?

ख्रिस्ती प्रकाशकही तेव्हा रहस्यकथांच्या शोधात होते. मिशिगनमधील ग्रँडव्हिल येथे १९३१ मध्ये सुरू झालेल्या झोंडरव्हॅन या प्रकाशनाने त्यांच्याकडून चार पुस्तकांची मालिका घेतली. त्यातील पहिली कादंबरी 'एव्हिडन्स ऑफ मर्सी' १९९५ मध्ये आली. नायिका वकील आहे. ती आपले छोटे विमान विकायला काढते आणि गिऱ्हाईकासोबत उड्डाण करताना विमान कोसळते. विमानात कुणीतरी मुद्दाम बिघाड केलेला असतो. ग्रिशम यांचा वेग आणि ब्लॅकस्टॉक यांचे नवे प्रश्न इथे पहिल्यांदा एकत्र आले.

असे वळण घेणाऱ्या त्या एकट्या नाहीत. फ्रान्सिन रिव्हर्स यांनीही सर्वसाधारण बाजारातील प्रणयकादंबऱ्या सोडून 'रिडीमिंग लव्ह' (१९९१) लिहिली होती. तिच्यावर २०२२ मध्ये चित्रपटही आला.

कथानके सुचतात कुठून?

ब्लॅकस्टॉक यांच्या बहुतेक कथा 'असे झाले तर?' या प्रश्नातून उभ्या राहतात. आणि तो प्रश्न बहुधा घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो.

• न्यूपॉइंट ९११ : लुइझियानातील एका काल्पनिक गावातील पोलीस आणि अग्निशमन दलाची ही मालिका. पहिल्या 'प्रायव्हेट जस्टिस' (१९९८) मध्ये अग्निशमन जवानांच्या पत्नींचे खून होऊ लागतात. इतरांना वाचवणाऱ्यांचीच घरे पेटली तर?

• केप रेफ्यूज (२००२) : जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील बेटावर निराधारांना आसरा देणाऱ्या दाम्पत्याचा त्यांच्या चर्चमध्येच खून होतो. मागे दोन मुली उरतात. एक श्रद्धाळू, दुसरी नाही. एकच दुःख दोघींना वेगवेगळ्या दिशांना नेते.

• लास्ट लाइट (२००५) : अंतराळातून आलेल्या विद्युतचुंबकीय स्पंदांमुळे गाड्या, फोन, बँका असे सारे काही एका क्षणात बंद पडते. अलाबामातील एका सुखवस्तू कुटुंबापुढे प्रश्न येतो : आपल्याकडचे धान्य शेजाऱ्यांना द्यायचे की दार लावून घ्यायचे?

ही तिसरी कल्पना कादंबरीत ताणलेली असली तरी तिला विज्ञानाचा आधार आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर 'स्टारफिश प्राइम' ही अणुचाचणी केली, तेव्हा जवळपास १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाईतील काही पथदिवे विझले होते. अशा स्पंदामुळे लांब तारांमध्ये अचानक मोठा दाब निर्माण होतो आणि उपकरणे जळतात. ब्लॅकस्टॉक यांनी मात्र यंत्रांपेक्षा माणसांकडे अधिक पाहिले. सोयी गेल्यावर चांगुलपणा किती दिवस टिकतो, हा त्या मालिकेचा खरा विषय आहे.

घरातले दुःख कादंबरीत कसे आले?

'इंटरव्हेन्शन'पर्यंत संकटे कल्पनेतली होती. ही कादंबरी स्वतःच्या मुलीच्या व्यसनाच्या अनुभवातून आल्याचे ब्लॅकस्टॉक यांनी जाहीरपणे सांगितले. श्रद्धाळू घरात, चर्चला जाणाऱ्या कुटुंबात असे होत नाही, हा समज त्यांच्या वाचकवर्गात होता. अनेक पालक लाजेपोटी गप्प होते. अशा वाचकांचे प्रेम मिळवलेल्या लेखिकेने 'आमच्याही घरात हे आहे' असे म्हणणे सोपे नव्हते.

कादंबरीतील आई वारंवार एकाच प्रश्नाशी येते. कुठे थांबायचे? पैसे देणे बंद करायचे का? दार उघडायचे का? मुलीने पुन्हा खोटे सांगितले तर? रहस्यकथेचा वेग असल्यामुळे हे प्रश्न उपदेशासारखे वाटत नाहीत. मुलगी खुनी आहे का, हे शोधताना आईला हेही शोधायचे असते की आपण आपल्या मुलीला ओळखतो का.

याच कुटुंबाची कथा पुढे 'व्हिशस सायकल' (२०११) आणि 'डाउनफॉल' (२०१२) मध्ये आली. एका उपचाराने प्रश्न सुटत नाही, घसरण पुन्हा होऊ शकते, हे मालिकेच्या रचनेतच आहे. अमेरिकेत हा विषय पुढे आणखी गंभीर झाला. २०२१ या एका वर्षात तिथे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने १ लाखाहून अधिक मृत्यू झाले.

'इफ आय रन' (२०१६) मध्ये त्यांनी आणखी एक जखम हाताळली. खुनाच्या आरोपामुळे पळणारी तरुणी आणि तिला शोधण्यासाठी नेमलेला, युद्धाच्या आठवणींनी पोखरलेला माजी सैनिक यांच्या तोंडून आळीपाळीने ही कथा उलगडते. शोधणाऱ्यालाच हळूहळू तिच्या निर्दोषपणाची खात्री पटू लागते.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप उपदेशाचा. शेवटी पात्र देवाकडे वळणार हे आधीच ठाऊक असेल तर ताण कुठे उरतो? दुसरा आक्षेप वास्तवाचा. शिवी न देणारे गुंड आणि सोज्वळ व्यसनी माणसे खरी वाटत नाहीत. तिसरा आक्षेप वर्तुळाचा. श्रद्धाळूंनी श्रद्धाळूंसाठी लिहिलेले बाहेर पोहोचत नाही.

यांतील पहिल्या आक्षेपाला ब्लॅकस्टॉक यांच्या चांगल्या कादंबऱ्या काही प्रमाणात उत्तर देतात. त्यांत प्रार्थना केली म्हणून संकट टळत नाही. केप रेफ्यूजमधले सज्जन दाम्पत्य मारले जाते. 'इंटरव्हेन्शन'मधली मुलगी घसरते. श्रद्धा पात्रांना उभे राहायला मदत करते, पण निकाल आधी सांगत नाही. बाकीचे दोन आक्षेप मात्र बाजाराच्या चौकटीशी जोडलेले आहेत आणि ते आजही कायम आहेत.

मराठी वाचकाला हे परके आहे का?

तसे नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक जिचा उल्लेख करतात ती 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी यांची. ते स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. विधवांच्या हालअपेष्टा दाखवणाऱ्या या कादंबरीची नायिका शेवटी ख्रिस्ती धर्माकडे वळते. श्रद्धेचा हेतू उघड असलेली कथा आणि तरीही तिच्यातील सामाजिक दुःख खरे, हे मिश्रण मराठी गद्याने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. उपदेश बाजूला ठेवला तरी त्यातल्या विधवा वाचकाच्या लक्षात राहतात.

आज चित्र काय आहे?

ब्लॅकस्टॉक यांच्या पुस्तकांच्या जगभरात ७० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. ज्या दुकानांनी हा बाजार उभा केला ती मात्र ओसरली. फॅमिली ख्रिश्चन ही साखळी २०१७ मध्ये बंद झाली. लाइफवेने २०१९ मध्ये आपली १७० दुकाने बंद करून विक्री ऑनलाइन नेली. वाचक मोबाइल, ई-बुक आणि ऑडिओबुककडे सरकला.

प्रकाशनविश्वही बदलले. झोंडरव्हॅन १९८८ मध्येच हार्पर समूहात गेले होते. २०१४ मध्ये हार्परकॉलिन्सने हार्लेक्विनही विकत घेतले. १९९४ मध्ये ब्लॅकस्टॉक यांनी जे घर सोडले आणि ज्या घरी त्या गेल्या, ती दोन्ही आता एकाच मालकाची आहेत. बाजाराच्या हिशेबात त्या वळणाचे फारसे काही उरलेले नाही. पण ते वळण घेतले नसते तर पुढे आपल्या घरातल्या व्यसनाबद्दल स्वतःच्या नावाने लिहायला त्यांच्याकडे जागा नसती. टोपणनावांच्या सुखान्त कथांत ती आई बसली नसती.