शुगरची गोळी आणि झाडपाला : दोन्ही घेताना एवढे सांभाळा

आपल्या जिल्ह्यातल्या आठवडे बाजारात, यात्रेत जडीबुटीवाले बसलेले असतात. त्यांच्याकडे जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा पाला, गुळवेलीच्या कांड्या, विजयसारच्या लाकडाचा पेला असे सगळे मिळते. ‘महिनाभर घ्या, शुगर मुळापासून जाईल, गोळीची गरज नाही,’ असे सांगून पुडी हातात दिली जाते. वस्तीतले अनेकजण ती आणतात, दवाखान्याच्या गोळीबरोबर घेतात आणि डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहतात. झाडपाल्यापेक्षा हे गप्प राहणेच जास्त धोक्याचे आहे.

कारले, मेथी, जांभूळ हे आपले रोजचे अन्न आहे. भाजी म्हणून खायला हरकत नाही. पण रोज ग्लासभर कारल्याचा रस किंवा चमचे भरून चूर्ण ही भाजी राहत नाही, ते औषध होते. कारले, मेथीदाणा, गुडमार यांनी रक्तातली साखर थोडी उतरू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांनीही ती उतरते. दोन्हींचा जोर एकत्र झाला आणि त्यात माणूस उपाशीपोटी ऊसतोडीला किंवा मिरचीच्या कामाला गेला, तर साखर एकदम कोसळू शकते. एकटी मेटफॉर्मिन सहसा असे करत नाही. म्हणून आपल्या पाकिटावर कोणते नाव आहे ते घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्या.

साखर कोसळली की दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडते, एकदम भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस असंबद्ध बोलू लागतो. लोकांना वाटते, प्यायला आहे. अशा वेळी हे करा :

१. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा पाजा.
२. बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात खायला द्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. काही गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते.
३. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

दुसरा धोका पुडीत काय आहे याचा. २००८ साली सिंगापूरमध्ये ताकदीच्या काही बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे शुगरचे औषध निघाले. त्यातल्या काही वनौषधी म्हणून विकल्या जात होत्या. मधुमेह नसलेले सुमारे १५० लोक साखर कोसळून रुग्णालयात गेले, चौघे दगावले. तेव्हा एखाद्या पुडीने दोन दिवसांत साखर झपाट्याने उतरली तर खूश होऊ नका, संशय घ्या.

गुळवेलीचेही तसेच. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांपैकी कोणाचेही खरे धरले, तरी बाजारातली कांडी नेमकी कोणत्या वेलीची हे आपल्याला ओळखता येते का? डोळे पिवळे झाले, लघवी गडद पिवळी झाली, अन्नावरची वासना गेली, तर चूर्ण-काढा थांबवून लगेच दवाखाना गाठा. गरोदर बायांनी आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी असले काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

मधुमेह कायमचा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. असा दावा छापणारा माणूस कायदा मोडतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर नोंदणीकृत वैद्याकडून घ्या. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कंपनीचा पत्ता आहे का ते पाहा. बिनलेबलची पुडी घेऊ नका.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलचा आजार असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी (एचबीएवनसी) खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. तो आकडा पाहून ‘चूर्णाने गुण आला’ म्हणत गोळी सोडाल तर फसाल. डॉक्टरांना सिकलसेलबद्दल आधी सांगा.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदना आणि मंदावलेली दृष्टी सोसत त्यांनी काम केले. त्यामुळे या आजाराची लाज वाटण्याचे कारण नाही आणि तो लपवण्याचेही नाही. सरकारी दवाखान्यात जाताना घरातला काढा, चूर्ण, पुडी, डबा सगळे पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. ‘साहेब, मी हेही घेतो. चालेल का? गोळीचे प्रमाण बदलायचे का?’ एवढे विचारा. डॉक्टर रागावले तरी विचारा, तो आपला हक्क आहे. आणि कोणीही काहीही सांगो, गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्यांनी निघण्याआधी पुरेशा गोळ्या मागून घ्याव्यात.

वस्तीतल्या आशाताईंना आणि महिला मंडळाला विनंती : पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचून दाखवा.