बंड्याचा गुडघा आणि एमआरआय



आपल्या पिकनिकला हल्ली मुलांइतकेच कुत्रे दिसतात, म्हणून हा विषय. गेल्या वर्षी आमचा बंड्या (लॅब्रॅडॉर, वय ६) मागच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. एक्स-रे काढला, "हाडं व्यवस्थित आहेत" असं ऐकलं आणि आम्ही निर्धास्त झालो. दोन महिने व्हेटने दिलेल्या गोळ्यांवर गेले. (आपल्या घरातली आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नका, ती त्यांना विषारी ठरते.) लंगडणं थांबेना, तेव्हा एमआरआय सुचवला गेला. अंदाजे खर्च अडीच हजार डॉलर! पैसे भरण्याआधी हे यंत्र नक्की काय बघतं, ते वाचायला बसलो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो. तो म्हणजे कार्टिलेज, शाळेत शिकलेली कूर्चा. एक्स-रेमध्ये ती दिसतच नाही. दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते, तिथेच ती असते. त्यामुळे हाडं चांगली असणं म्हणजे सांधा चांगला असणं नव्हे. शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. म्हणजे ती झिजायला लागली तरी सुरुवातीला दुखत नाही, आणि एकदा गेली की नीट भरून येत नाही.

एमआरआयला ती दिसते, कारण कूर्चेचा बहुतांश भाग पाणीच असतो. पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुगर्भ जोरदार चुंबकात ठेवून त्यांना रेडिओलहरींनी डिवचायचं आणि ते परत काय सिग्नल देतात ते ऐकायचं, हे त्याचं तत्त्व. १.५ टेस्लाच्या चुंबकात ही फ्रीक्वेन्सी सुमारे ६४ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या किंचित खाली! निरोगी कूर्चेत कोलॅजनच्या जाळीत पाणी बांधलेलं असतं. जाळी विस्कटली की पाणी मोकळं होतं आणि सिग्नल मावळायला जास्त वेळ लागतो. हा वेळ मोजून नकाशा काढला, तर पृष्ठभाग फाटण्याआधीचा बिघाडही कळू शकतो. मात्र असे नकाशे अजून मुख्यतः संशोधनात वापरतात. गंमत म्हणजे त्या संशोधनाचा एक भाग माणसांच्या संधिवातासाठीच झाला. पाँड आणि नुकी यांनी १९७३ मध्ये कुत्र्याच्या गुडघ्यातला लिगामेंट कापून संधिवात कसा वाढतो ते दाखवलं, आणि ती पद्धत पुढे अनेक वर्षं वापरली गेली. बिचारे कुत्रे.

आता खरी अडचण. माणसाच्या गुडघ्यात कूर्चा साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड असते. कुत्र्याच्या गुडघ्यात ती जेमतेम एक मिलिमीटर, कित्येक ठिकाणी त्याहून कमी. चित्रातला एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर सगळी कूर्चा दोन पिक्सेलमध्ये संपली! त्यात काप दोन-तीन मिलिमीटर जाड आणि सांध्याचा पृष्ठभाग गोल, म्हणजे एकाच ठिपक्यात हाड, कूर्चा आणि सांध्यातलं पाणी यांची सरमिसळ होते. ॲडमिशनच्या फॉर्मवरचा पासपोर्ट फोटो मोठा करून त्यात सुरकुत्या शोधण्यातला प्रकार. लहान चुंबकाच्या यंत्रावर तर बारीक चीर हमखास निसटते. म्हणून यंत्र किती टेस्लाचं आहे, हे विचारायला लाजू नका.

मग एमआरआय निरुपयोगी का? अजिबात नाही. लिगामेंट, गुडघ्यातली मेनिस्कसची गादी आणि हाडाच्या आतली सूज तो छान दाखवतो. कोपरातला हाडाचा सुटलेला तुकडा शोधायला मात्र सीटी सहसा जास्त सोयीचा. आणि कूर्चाच बघायची, तर छोट्या छिद्रातून कॅमेरा घालणं, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, हा सरळ मार्ग. तिथे पृष्ठभाग टोचून तो मऊ झालाय का तेही कळतं आणि त्याच वेळी उपचारही करता येतो. कुत्रा यंत्रात स्थिर पडून राहत नाही, त्यामुळे एमआरआयलाही पूर्ण भूल लागतेच. तेव्हा व्हेटला माझा एकच प्रश्न होता: रिपोर्ट काहीही आला, तरी पुढचं पाऊल बदलणार आहे का?

आमच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं आलं. हाडांच्या सर्जनने तोच जुना एक्स-रे बघून सांध्यात पाणी भरल्याची छाया दाखवली, गुंगी देऊन गुडघा हलवून पाहिला आणि थेट आर्थ्रोस्कोपी सुचवली. लिगामेंट अर्धवट तुटलेला, मेनिस्कस फाटलेला आणि कूर्चा एका जागी जुन्या टॉवेलसारखी दशा सुटलेली निघाली. ऑपरेशन झालं. विमा आम्ही लंगडणं सुरू झाल्यावर घेतला होता, त्यामुळे त्यातून काही मिळालं नाही. ज्यांचा कुत्रा अजून ठणठणीत आहे, त्यांनी आजच बघा.

अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला. ते वाचून आईने बंड्याची तूप-पोळी बंद केली, फार नाराजीने. आता त्याच्या गुडघ्यात धातूची पट्टी आहे, तिथला एमआरआय काढला तरी मोठा काळा डागच दिसेल. म्हणून दर रविवारी मी त्याला उचलून काट्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो. ३८ वरून सुरुवात होती, परवा ३१ किलो भरला.