बिबळ्या कडवा आणि छोटा चांदवा

बिबळ्या कडवा (शास्त्रीय नाव: डॅनाउस क्रिसिपस) आणि छोटा चांदवा (शास्त्रीय नाव: हायपोलिम्नस मिसिपस) या निम्फॅलिडी कुळातील, उष्ण कटिबंधात आढळणाऱ्या फुलपाखरांच्या दोन जाती आहेत. कार्ल लिनियस याने त्यांचे शास्त्रीय वर्णन अनुक्रमे १७५८ व १७६४ साली केले. चांदव्याची मादी हुबेहूब कडव्यासारखी दिसत असल्याने या दोन जातींची ओळख पटवताना अनेकदा गफलत होते.

खाद्य वनस्पती

कडव्याची मादी प्रामुख्याने रुईच्या पानांवर एकेक अंडे घालते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये सुरवंटाच्या शरीरात साठतात व प्रौढ फुलपाखरातही टिकून राहू शकतात. असे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते आणि त्याचा नारिंगी रंग धोक्याची खूण ठरतो. चांदव्याचा सुरवंट घोळ या वनस्पतीवर वाढतो. घोळ ही माणसाच्याही आहारातील भाजी असून तिच्यापासून त्याला असे संरक्षण मिळत नाही.

नक्कल

निरुपद्रवी जातीने विषारी जातीचे रूप धारण करण्याला ‘बेट्सची नक्कल’ म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉन खोऱ्यातील फुलपाखरांच्या आधारे १८६२ साली ही कल्पना मांडली. कडव्याचा वाईट अनुभव आलेला पक्षी चांदव्याची मादीही टाळतो. मात्र नकली फुलपाखरांची संख्या फार वाढल्यास पक्ष्यांचा धडा पुसट होतो व नकलेचा उपयोग घटतो.

ओळख

दोन्हींच्या पुढील पंखांचे टोक काळे असून त्यावर पांढरा पट्टा असतो. फरक मागील पंखांवर दिसतो. कडव्याच्या मादीच्या मागील पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके असतात. नरात गंधपिशवीमुळे चौथा ठिपका दिसतो. चांदव्याच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच ठिपका असतो. चांदव्याचा नर अगदी निराळा, काळा असतो. त्याच्या प्रत्येक बाजूच्या पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेले तीन पांढरे डाग असतात.

संवर्धन

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या २०२२ मधील दुरुस्तीपूर्वी चांदव्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत होता, कडव्याचा नव्हता. तथापि चांदव्याच्या मादीची सुरक्षितता कडव्याच्या अस्तित्वावरच अवलंबून आहे. मुंबईत माझगावसारख्या दाट वस्तीच्या भागात या जाती टिकण्यासाठी पडीक जागेतील रुई आणि घोळ या दोन्ही वनस्पती आवश्यक आहेत. तण समजून त्या सरसकट उपटल्यास सुरवंटांचे अन्नच नाहीसे होते.