परिवेशी ध्वनी व श्रवणपद्धती

श्रोत्याच्या समोर, बाजूंना व मागे ध्वनिक्षेपक मांडून ध्वनी सर्व दिशांनी येत असल्याचा प्रत्यय देणाऱ्या योजनेस परिवेशी ध्वनी म्हणतात. घरगुती वापरात हे कार्य होम थिएटर रिसीव्हर करतो. आलेला ध्वनिसंकेत कोणत्या ध्वनिक्षेपकाकडे, किती तीव्रतेने व किती विलंबाने पाठवावयाचा, हे ठरविणाऱ्या त्याच्या निरनिराळ्या योजना म्हणजे श्रवणपद्धती होत. त्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात : मुद्रित झालेली दिशा पुन्हा उभी करणाऱ्या पद्धती आणि मुद्रणात नसलेली दिशा अनुमानाने निर्माण करणाऱ्या पद्धती. योग्य निवड या भेदावर अवलंबून असते.

दिशाज्ञान : एका बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानास किंचित उशिरा पोहोचतो. हा कालभेद जास्तीत जास्त सु. ०·७ मिलिसेकंद असतो. उच्च कंप्रतेच्या ध्वनीस डोक्याचा अडथळा होत असल्याने दूरच्या कानास तो क्षीणही ऐकू येतो. कमी कंप्रतेस कालभेद व उच्च कंप्रतेस तीव्रताभेद दिशा सुचवितो, असे लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये प्रतिपादन केले. ध्वनी समोरून आला की मागून, हे मुख्यतः कानाच्या पाळीच्या आकारामुळे व मान वळविल्यामुळे उमगते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील दाट वनांत दृष्टी थोड्याच अंतरावर अडते. त्यामुळे तेथे या क्षमतेस प्रत्यक्ष व्यवहारात महत्त्व आहे. वाघ वा बिबट्या जवळ आल्याची चाहूल लागताच चितळ, सांबर, भेकर व वानर इशाऱ्याचे आवाज काढतात. त्यांवरून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील वनरक्षक हिंस्र प्राण्याची दिशा ताडतात. मोहफुले वेचणाऱ्या वा तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाचे तर जीवितच अशा आवाजाच्या अचूक आकलनावर अवलंबून असू शकते.

विकास : १८८१ मध्ये पॅरिस येथील विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराचे गायन दोन कानांस दोन स्वतंत्र दूरध्वनींनी ऐकविले. ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ मध्ये द्विवाहिनी ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी इंग्लंडमध्ये अर्ज केला. १९४० मधील फँटेशिया या चित्रपटासाठी बहुवाहिनी योजना वापरण्यात आली. १९७० नंतरच्या दशकात डॉल्बी कंपनीने चार वाहिन्यांचा ध्वनी दोन वाहिन्यांत गुंफून पुन्हा उलगडण्याची रीत चित्रपटगृहांत रूढ केली. तिचे सुधारित घरगुती रूप, प्रो लॉजिक, १९८७ मध्ये आले. १९९२ पासून चित्रपटांत प्रत्येक वाहिनी स्वतंत्र ठेवणारी डॉल्बी डिजिटल योजना आली. छताकडून येणाऱ्या ध्वनीचीही सोय असलेली ॲटमॉस योजना चित्रपटगृहांत २०१२ मध्ये, तर घरांत २०१४ मध्ये उपलब्ध झाली.

श्रवणपद्धतींचे प्रकार : (१) द्विवाहिनी पद्धतीत डावा व उजवा संकेत समोरच्या दोन ध्वनिक्षेपकांकडे जातो. (२) थेट पद्धतीत स्वर-नियंत्रणासारखे संस्कार टाळून संकेत शक्य तितका मूळ रूपात ठेवला जातो. (३) पृथक् वाहिनी पद्धतीत मुद्रणातील प्रत्येक वाहिनी तिच्या नेमलेल्या ध्वनिक्षेपकास मिळते. ५·१ या संज्ञेतील पाच वाहिन्या पूर्ण कंप्रतापल्ल्याच्या, तर ‘·१’ ही सु. १२० हर्ट्‌झपर्यंतच्या खर्ज परिणामांची असते. (४) विस्तार पद्धती दोन वाहिन्यांपासून अधिक वाहिन्या घडविते. डाव्या-उजव्यांतील समान अंश मध्यभागी व त्यांतील भेद मागे पाठविणे, हे तिचे मूलतत्त्व होय. (५) सभागृह पद्धतीत कृत्रिम परावर्तने व अनुरणन मिसळतात. (६) सर्ववाहिनी पद्धतीत तोच ध्वनी सर्व ध्वनिक्षेपकांतून येतो. ती घरगुती समारंभास सोयीची असली, तरी दिशाज्ञानास मारक ठरते. (७) रात्रीची पद्धती मोठा आवाज दाबते व लहान आवाज उचलते.

विनियोग : झाडीपट्टी रंगभूमीच्या ध्वनिमुद्रणांवरून या पद्धतींतील फरक स्पष्ट होतो. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगावी मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळ्यांचे मुख्य केंद्र होय. या रंगभूमीवरील कार्याबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मोकळ्या जागेतील कापडी मंडपात भिंती नसल्यामुळे परावर्तने अल्प असतात. अशा प्रयोगाचे मुद्रण सभागृह पद्धतीने ऐकल्यास मंडपाऐवजी भलत्याच वास्तूचा भास होतो व संवादांची स्पष्टता घटते. मुद्रण एकवाहिनी असेल, तर डाव्या-उजव्यांत भेदच नसल्याने साध्या विस्तार पद्धतीत मागील ध्वनिक्षेपक मूक राहतात व सर्व ध्वनी मध्यभागी गोळा होतो. प्रेक्षकांचे ‘वन्स मोअर’ मागून आले होते, ही माहिती मुद्रणात नसल्यास कोणताही रिसीव्हर ती परत आणू शकत नाही.

अरण्यातील ध्वनिमुद्रणात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. परस्परांपासून दूर ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांत रातकिड्यांचा आवाज निरनिराळ्या कलेने पोहोचतो. विस्तार पद्धती या भेदालाच परिवेश मानून तो आवाज मागे पसरविते. परिणाम सुखद असला, तरी मागून आलेला ध्वनी प्रत्यक्षात कोठे होता, याचा तो पुरावा ठरत नाही. रात्रीच्या पद्धतीत दूरच्या सांबराची हाक जवळची वाटू लागते व अंतराचा अंदाज चुकतो. म्हणून अभ्यासासाठी किंवा जतनासाठी केलेली मुद्रणे मूळ वाहिन्यांतच ठेवून ती द्विवाहिनी वा थेट पद्धतीने ऐकणे इष्ट असते. सर्व दिशा टिकवावयाच्या असल्यास मुद्रणाच्या वेळीच अनेक दिशांचे मायक्रोफोन योजावे लागतात.

मांडणी : समोरचे दोन ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या मध्यरेषेपासून प्रत्येकी सु. ३० अंशांवर व परिवेशी ध्वनिक्षेपक १०० ते १२० अंशांवर ठेवण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मानकात आहे. ध्वनीस एक मीटर अंतर कापण्यास सु. ३ मिलिसेकंद लागत असल्याने प्रत्येक ध्वनिक्षेपकाचे अंतर मोजून रिसीव्हरला पुरवावे लागते. प्रथम पोहोचलेल्या ध्वनीकडेच कान दिशा नेमून देत असल्यामुळे अंतराची चुकीची नोंद सर्वच पद्धतींचा परिणाम बिघडविते.